निळ्या रेकॉर्डचा एप्रिल

एप्रिल आला की अमेरिकेतल्या आमच्या गावातल्या रेकॉर्डच्या दुकानासमोर रांग लागते. दुकान उघडायच्या कितीतरी आधी विशी-पंचविशीतली मुलं-मुली हातात कॉफीचे कप घेऊन फुटपाथवर उभी असतात. गाणी तर सगळी त्यांच्या खिशातल्या फोनमध्ये असतात. त्यांना हवी असते ती तबकडी, आणि तीसुद्धा काळी नको असते. गुलाबी हवी, दुधी हवी, शाईचे शिंतोडे उडाल्यासारखी हवी. यंदा मी दुधाचा कॅन घेऊन त्या रांगेजवळून चालले होते. एका मुलीनं नुकतीच घेतलेली रेकॉर्ड पाकिटातून काढली आणि उन्हात धरली. गडद निळी, पारदर्शक. तिच्या गालावर, गळ्यावर निळा उजेड पसरला. ती हसत होती, आणि माझे हात गार पडले.

इतकी वर्षं झाली. माझं लग्न झालं, मुलगी वाढली, नोकरीतून निवृत्तही झाले. पण एप्रिलचं कोवळं ऊन पडलं आणि कुणी निळी काच, निळी बाटली, निळं काहीही त्या उन्हात धरलं, की बोटांतली ऊब आधी जाते आणि कारण मागून आठवतं.

ऐंशीच्या दशकातला तो एप्रिल मी न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेला काढला. तिथल्या मोठ्या सरकारी युनिव्हर्सिटीत मी केमिस्ट्रीत पीएच.डी. करत होते आणि दामल्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्यानं राहत होते. मोहनकाका दामले पुण्याचे, एका औषधाच्या कारखान्यात इंजिनियर. शैलाकाकू बँकेत. त्यांचा मुलगा कॉलेजला दूर गेला आणि बेसमेंटमधली त्याची खोली मला मिळाली. खोलीला छताजवळ एक आडवी खिडकी होती. तिच्यातून अंगणातलं गवत खालून वर दिसायचं. हिवाळ्यात बर्फानं ती खिडकी बुजून जायची, आणि एप्रिलमध्ये एक दिवस अचानक उजेडाची पट्टी टेबलावर येऊन पडायची. त्या पट्टीसाठीच पहिल्या वर्षी मी पहिली रंगीत रेकॉर्ड खिडकीत टेकवून ठेवली.

ती पिवळी होती. लहान मुलांच्या गाण्यांची, जुन्या वस्तूंच्या दुकानात एका टोपलीत पडलेली. लॅबमध्ये मी याच प्लास्टिकवर काम करायची. रेकॉर्डचं व्हिनाइल मुळात बिनरंगी असतं, काळेपणा त्यात घातलेल्या काजळीचा असतो, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. पण काजळी न घातलेली रेकॉर्ड मी कधी हातात धरली नव्हती. म्हणजे एक धरली होती, पण ते फार लहानपणी.

मोहनकाका वॉशिंग मशीन बघायला खाली आले आणि ती पिवळी रेकॉर्ड बघून तिथेच थांबले. "ही कुठे मिळाली तुला?"

मी दुकानाचं नाव सांगितलं. "उन्हात ठेवू नकोस गं. वाकेल. रंगही उडेल," असं म्हणत त्यांनी ती दोन्ही तळव्यांनी कडेकडेनं उचलली. मग मला हाताला धरूनच नेल्यासारखं बेसमेंटच्या दुसऱ्या टोकाला घेऊन गेले आणि बॉयलरच्या खोलीपलीकडचं एक दार उघडलं. आत भिंतभर फळ्या होत्या. लाल, हिरव्या, संगमरवरासारख्या रेषांच्या, आत चित्र छापलेल्या, अंधारात चमकणाऱ्या, हृदयाच्या आकाराच्या रेकॉर्ड. कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यावरून कापून घेतलेली पुठ्ठ्याची एक चकतीसुद्धा होती. प्रत्येक उभी, प्रत्येक प्लास्टिकच्या पिशवीत.

"यातल्या वाजवता कुठल्या?" मी विचारलं.

"वाजवायच्या कशाला? सुईनं झिजतात. मला गाणी नकोत, मला रंग हवा." ते अगदी मनापासून म्हणाले.

त्या दिवसापासून रविवारची सकाळ आमची ठरली. बर्फ वितळला की न्यू जर्सीत मोठमोठ्या मैदानांवर जुना बाजार भरायला लागतो, फ्ली मार्केट म्हणतात त्याला. काकू रोपं बघायला यायच्या, काका आणि मी खोक्यांवर वाकून रेकॉर्ड चाळायचो. काकांच्या खिशात एक छोटा टॉर्च असे. काही रेकॉर्ड दिसतात काळ्या, पण मागून उजेड धरला की रक्तासारख्या लाल निघतात. काका एकेक काळी रेकॉर्ड टॉर्चसमोर धरत आणि पुटपुटत, "वरून कळत नाही. धरून बघावं लागतं." ते हे सहज म्हणत. मला मात्र टॉर्च पेटला की उगाच धस्स व्हायचं.

कारण मला कुणी धरून बघितलेलं नव्हतं.

मी विशाखा पाटील, नागपूरची. आम्ही बौद्ध. माझ्या आजोबांनी नागपुरात दीक्षा घेतली. त्याआधीचं आमचं घर गावाच्या वेशीबाहेर होतं. पाटील हे आडनाव शाळेतल्या कुठल्याशा मास्तरांनी दाखल्यावर लिहिलं आणि ते तसंच राहिलं. नागपुरात आमच्या वस्तीचं नाव सांगितलं की पुढचं काही सांगावं लागत नसे. अमेरिकेत ती वस्ती कुणाला ठाऊक नव्हती, आणि आडनाव मात्र सगळ्यांना ठाऊक होतं.

मराठी मंडळींच्या पॉटलकमध्ये, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणात, प्रश्न यायचे, तेही किती प्रेमानं. "पाटील म्हणजे कुठले?" नागपूरचे. "नागपुरात कुठे?" स्टेशनच्या बाजूला. "तुमच्याकडे गौरी उभ्याच्या की खड्याच्या?" या प्रश्नाला मी पाणी प्यायला उठायची. एकदा शैलाकाकूच माझ्या वतीनं बोलल्या होत्या, "अहो, विदर्भातले पाटील म्हणजे मोठी जमीनदारी असते!" मी ताटातल्या कोशिंबिरीकडे बघत राहिले. माझे बाबा कापड गिरणीत साचे चालवत. आमच्याकडे जमीन होती ती चुलीपुढची.

काकू वाईट असत्या तर मला इतकी भीती वाटली नसती. पहिल्या थंडीत त्यांनी स्वतःचा कोट माझ्या अंगावर घातला होता. गाडी चालवायला त्यांनीच शिकवलं. ताप आला तेव्हा मऊ भात घेऊन त्या खाली आल्या आणि माझ्या पायथ्याशी बसून राहिल्या. हे सगळं मला मिळतंय ते विशाखाला मिळतंय की त्यांच्या मनातल्या जमीनदारांच्या मुलीला, हे मला कळत नव्हतं. कळून घ्यायचा एकच मार्ग होता, आणि त्याच मार्गाची मला धास्ती होती. घरातून आणलेली एक तसबीर, जी आमच्या प्रत्येकाच्या घरात भिंतीवर मधोमध असते, ती माझ्या बॅगेत कपड्यांच्या खाली होती. जयंतीच्या दिवशी मी दार लावून ती बाहेर काढली, टेबलावर ठेवली, आणि जिन्यावर पाऊल वाजताच पुन्हा आत ठेवली. त्या दिवशी नागपुरात सगळ्या वस्त्या निळ्या झालेल्या असणार, आणि मी तळघरात कान देऊन पावलं ऐकत होते.

त्यानंतरच्या एका शनिवारची गोष्ट. पुढच्या आठवड्याअखेरीला रेकॉर्ड गोळा करणाऱ्यांचा एक मोठा बाजार होता आणि काका तिथे न्यायचं खोकं भरत होते. त्यांनी मला मऊ फडकं दिलं. "पुस गं जरा, कडेनं धरून." मी एकेक रेकॉर्ड पुसून त्यांच्या हातात देत होते. एका खाकी कागदाच्या पाकिटातून एक छोटी रेकॉर्ड बाहेर सरकली. निळी.

मधल्या कागदावर देवनागरीत छापलेलं होतं, शाहीर देवाजी पाटील आणि पार्टी, नागपूर.

देवाजी पाटील माझे बाबा.

गिरणी सुटल्यावर ते गायचे. त्यांची गायन पार्टी होती, ढोलकी, पेटी, झांजा आणि मागे दोघं कोरसला. जयंतीच्या आधीचा महिना ते क्वचितच घरी दिसत. आज या वस्तीत, उद्या त्या गावात. मी शाळेत नुकतीच जायला लागले होते तेव्हा एका छोट्या कंपनीनं त्यांना मुंबईला बोलावून दोन गाणी रेकॉर्ड करून घेतली. कंपनीच्या माणसानं विचारलं, काळी काढू की रंगीत? बाबांनी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, निळी. हा किस्सा आमच्या घरी इतक्यांदा सांगितला गेला की आई स्वयंपाकघरातून शेवटचा शब्द बाबांच्या बरोबरीनं म्हणायची. घरी एकच प्रत होती. कुणीतरी कार्यक्रमासाठी नेली, ती परत आली नाही. कंपनी बंद पडली. पुढे मी एम.एस्सी.ला असताना बाबांना अर्धांगाचा झटका आला आणि आवाज गेला. शब्द जिभेवर यायचे आणि तिथेच लोळत राहायचे. मी अमेरिकेला निघाले तेव्हा स्टेशनवर त्यांनी तोंड उघडलं, बराच वेळ प्रयत्न केला आणि शेवटी नुसता माझ्या डोक्यावर हात ठेवला.

आणि त्यांचा आवाज पिस्कॅटवेत, बॉयलरच्या खोलीपलीकडे, मी झोपत होते तिथून एका भिंतीच्या अंतरावर उभा होता.

"ती मागे मुंबईला गेलो होतो ना, तेव्हा भंगारवाल्याकडे मिळाली," काका म्हणाले. "रंग काय आहे बघ! इंडियात असा निळा मी दुसरा पाहिला नाही. ही मी फ्रँकला देतोय. त्याच्याकडे आरीच्या पात्यासारखी दातेरी रेकॉर्ड आहे, दोन वर्षं तिच्या मागे आहे मी. आता कुठे तयार झालाय." मग त्यांनी कागद वाचला आणि हसले. "अरे, तुझ्याच गावचा शाहीर! आडनावही तेच. नात्यातले नाहीत ना?"

माझं तोंड उघडलं. तेवढ्यात वरून काकूंची हाक आली, चहा गार होतोय. काका रेकॉर्ड पाकिटात सरकवून वर गेले. मी फडकं हातात धरून तशीच उभी राहिले.

पुढचा आठवडा माझ्या क्वालिफायरचा होता, डिपार्टमेंटच्या मोठ्या परीक्षेचा. मी पुस्तक उघडायची आणि तेच पान परत परत वाचायची. फ्रँक निवृत्त पोस्टमन होता, मैदानाच्या टोकाला टेबल लावायचा, चांगला माणूस. पण त्याच्याकडून ती रेकॉर्ड कुणाकडे जाईल, कुठल्या राज्यात, कुणाच्या भिंतीवर, याचा पत्ता लागणार नव्हता. काकांना माझ्याकडच्या सगळ्या रेकॉर्ड देऊ केल्या तर? देऊन बघितल्या. ते हसले. "तुझ्याकडे आहे काय? पिवळी आणि दोन हिरव्या!" नुसतं "मला द्या" म्हटलं तर "का?" विचारतील. आणि त्या "का"च्या मागे सगळं रांगेनं उभं होतं, बाबा, गाणी, गाण्यांतले शब्द, आमची वस्ती, बॅगेतली तसबीर.

एका दुपारी काका-काकू कामावर असताना मी ते दार उघडलं. रेकॉर्ड काढली, काकांच्या रेकॉर्ड वाजवायच्या मशीनवर ठेवली, मशीन चालू केलं. निळं चक्र फिरायला लागलं. सुई हातात धरून मी किती वेळ उभी होते कोण जाणे. खाली टेकवली असती तर बाबांचा आवाज त्या घरात भरला असता, आणि मग मला ती रेकॉर्ड परत पाकिटात घालता आली नसती हे मला माहीत होतं. मी सुई जागेवर ठेवली. मशीन बंद केलं. पाकिटाची कड सरळ केली, आणि वर अंगणात जाऊन पायरीवर बसले.

परीक्षा झाली. कशी झाली ते आठवत नाही. पास झाले, एवढं खरं.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. काका गाडी चालवत होते, काकू त्यांच्या शेजारी, मी मागे. खोकं सीटवर घसरेल म्हणून काकांनी ते माझ्या मांडीवर दिलं होतं. हायवेच्या दोन्ही बाजूंनी झाडांना नुकती पोपटी पानं फुटली होती. काकू टोमॅटोच्या रोपांविषयी बोलत होत्या. फ्ली मार्केटची पाटी लांबून दिसली आणि माझ्याच कानांना माझा आवाज परका वाटला.

"काका, ती निळी रेकॉर्ड फ्रँकला देऊ नका."

"का गं?"

"ते माझे बाबा आहेत. त्यावरचे. देवाजी पाटील."

काकांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. गाडी थोडी डगमगली. त्यांनी ती बाजूला घेऊन थांबवली. काकू पूर्ण वळल्या. आधी त्या खरंच आनंदल्या होत्या, हे मला सांगायलाच हवं. "अय्या, तुझे बाबा शाहीर आहेत? बोलली नाहीस कधी! पोवाडे म्हणतात?"

"पोवाडे नाही. जयंतीची गाणी."

"कसली जयंती?"

मोठे ट्रक बाजूनं जात होते आणि प्रत्येक ट्रकसरशी गाडी हलत होती. काकूंच्या चेहऱ्यावर मला एक एक गोष्ट जुळताना दिसली. नागपूर. एप्रिल. निळी.

"म्हणजे तुम्ही..." त्या म्हणाल्या.

"हो. आम्ही बौद्ध आहोत, काकू."

त्या सावकाश पुढे वळून बसल्या. पर्स मांडीवर घेतली, तिचा चाप उघडला आणि लावला. काकांनी घसा साफ केला. "अगं, मग आधी सांगायचं ना. आम्ही काय तसले आहोत का?" आणि पुढच्याच श्वासात, कळवळून, "पण फ्रँकला मी शब्द दिलाय गं!"

आता हसू येतं. तेव्हा येत नव्हतं. आयुष्यभर पोटात बाळगलेली गोष्ट मी त्या गाडीत काढून ठेवली होती, आणि ती ऐकून आलेला पहिला विचार दातेरी रेकॉर्डचा होता. पण नंतर कित्येकदा वाटलं, काकांचा तो कळवळा निदान खरा होता.

फ्रँकच्या टेबलापाशी काकांनी पाकीट काढलं. फ्रँकनं रेकॉर्ड उन्हात धरली, शीळ घातली. काका इंग्रजीत चाचरत म्हणाले, "यावर जो गातोय, तो हिचा बाप आहे."

फ्रँकनं माझ्याकडे पाहिलं, मग काकांकडे. "हिचा बाप? मग माझ्याकडे कशाला आणलीस?" त्यानं रेकॉर्ड पाकिटात घातली आणि टेबलावरून काकांकडे सरकवली. त्याला त्यात दुसरं काही दिसलंच नाही. एका मुलीचा बाप, एवढंच. मला त्या उंच म्हाताऱ्याचा इतका हेवा वाटला!

काकांनी पाकीट उचललं. मी हात पुढे केला नव्हता, पण हात वर आला होता, अर्धवट. काकांनी ते पाकीट परत खोक्यात ठेवलं. त्या दिवशी आम्ही काही न घेता परतलो. संध्याकाळी ते खोकं पलीकडच्या खोलीत गेलं आणि दार बंद झाल्याचा आवाज मी माझ्या पलंगावर बसून ऐकला.

पुढचे दिवस कसे सांगू? कुणी मला एक शब्द वाकडा बोललं नाही. रागावलं असतं तर बरं झालं असतं, उत्तर तरी देता आलं असतं. पूर्वी मी संध्याकाळी वर जायची, काकू पोळ्या लाटायच्या आणि मी भाजायची. आता काकू जिन्याच्या वरच्या पायरीवरून म्हणायच्या, "कशाला वर येतेस, अभ्यास असेल तुझा. खालीच देते." जिन्यावर झाकलेलं ताट यायचं. ताटात सगळं असायचं, लोणच्याची फोडसुद्धा. मी ते ताट घासून परत पायरीवर ठेवायची. अक्षय्य तृतीयेला वर पाहुणे आले, हसण्या-बोलण्याचे आवाज आले, आमरसाचा वास आला, आणि थोड्या वेळानं पायरीवर वाटी आली. मी ती वाटी बघत बसले. माझी आजी गावात भाकरी कशी घ्यायची ते तिनं मला सांगितलं होतं. पदर पसरून, उंबऱ्यापासून लांब उभी राहून. मी आमरसाच्या वाटीपुढे बसले होते, अंगात युनिव्हर्सिटीचा स्वेटशर्ट होता.

मी युनिव्हर्सिटीजवळ खोली शोधली आणि निघाले. निघताना काकूंनी लाडवांचा डबा दिला. "येत जा," त्या म्हणाल्या, पण माझ्याकडे न बघता. काका घरी नव्हते.

पुढे वर्षानुवर्षं काकू मला मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत भेटत राहिल्या. हल्ली त्या चाकाच्या खुर्चीत असतात. माझा हात हातात घेतात, सोडत नाहीत, माझी मुलगी काय करते ते विचारतात. गेल्या दिवाळीत मध्येच म्हणाल्या, "विशाखा, तेव्हा मला काही सुचलं नव्हतं गं." मी म्हटलं, "हो काकू." त्याच्यापुढे दोघींनाही जाता आलं नाही. क्षमा करणं म्हणजे काय, ते मला अजून नीट कळलेलं नाही. त्यांचा हात मात्र मीही सोडला नाही.

जूनमधल्या एका शनिवारी संध्याकाळी माझ्या नव्या खोलीचं दार वाजलं. मोहनकाका. कपाळावर घाम, एका हाताखाली रेकॉर्डचं मशीन, दुसऱ्या हातात टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी, एखादं तान्हं मूल धरावं तसं. "गाडीत एसी फुल ठेवून आणलीय. वाकली नसेल," ते म्हणाले. आत आले, बसले, पाणी प्यायले. मग रिकामा ग्लास खाली ठेवला.

"मी ऐकली," ते म्हणाले.

"वाजवलीत?"

"वाजवली. चार-पाच वेळा. शैला बँकेत असताना." मग त्यांनी विचारलं, "त्यात एक ओळ आहे, तळ्याच्या पाण्याची. ओंजळीनं पाणी प्यायले आणि पाणी पेटलं, अशी. ते कुठलं तळं?"

पन्नाशीला आलेला, पुण्यात शिकलेला माणूस. "खरंच माहीत नाही तुम्हाला?"

"शाळेत एक ओळ असेल. परीक्षेपुरती. आमच्या घरी कुणी बोललं नाही."

मी सांगितलं. तळं, सत्याग्रह, नंतर गोमूत्रानं केलेलं शुद्धीकरण, आणि माझ्या आजीचा पसरलेला पदर. शेवटी काका म्हणाले, "शैलाला वेळ लागेल गं."

"आणि तुम्हाला नाही लागला?"

"मला ही रेकॉर्ड सोडायला लागला," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांना डोळे भिडवले. "तेवढ्यालाच नाही. त्या दुसऱ्या गोष्टीलाही वेळ लागला."

नागपूरला तेव्हा सकाळ होत होती. आमच्याकडे फोन नव्हता, शेजारच्या डॉक्टरांकडे होता. आधी फोन करून मी माझ्या धाकट्या भावाला, आनंदला सांगितलं, बाबांना घेऊन ये. पुन्हा लावला तेव्हा पलीकडे खुर्ची ओढल्याचा, आईच्या बांगड्यांचा आवाज आला. आनंद म्हणाला, "ताई, बाबांच्या कानाला लावून राहिलो आहे. कर चालू."

काकांनी रेकॉर्ड मशीनवर ठेवली. सुई टेकली. आधी खरखर, मग झांजा, मग पेटी, आणि मग माझ्या बाबांचा आवाज. तिशीतला, उंच, निर्धास्त. भर मैदानात हजार माणसांपुढे उभं राहून गावं तसा. मी तो विसरले होते. मी इतकी वर्षं त्यांच्या आजारातला आवाजच आठवत होते हे मला तेव्हा कळलं. मी फोन स्पीकरजवळ धरून जमिनीवर बसले होते, आणि मला भीती वाटत होती की लाइन तुटेल, सुई अडकेल, पलीकडे त्यांना काही होईल, आनंद घाबरून ओरडेल.

गाणं संपलं. मी फोन कानाला लावला. पलीकडे काहीच ऐकू येत नव्हतं.

"आनंद? बाबा ठीक आहेत ना?"

"थांब ताई. काही म्हणून राहिले." जड, गुंतलेला आवाज आला. आनंद म्हणाला, "काय बाबा? परत म्हणा." पुन्हा तो आवाज. पुन्हा. मग आनंद एकदम हसायला लागला. "म्हणतात, तिसऱ्या कडव्यात ढोलकी मागे पडली."

"काय झालं? काय म्हणाले ते?" काका माझ्या खांद्याशी वाकून विचारत होते.

मी सांगितलं.

काका मशीनपाशी गेले, गुडघे टेकून बसले, सुई उचलली आणि अंदाजानं पुढच्या रेघांवर ठेवली. कान जवळ नेला, डोळे मिटले. बाबांचा आवाज तिसऱ्या कडव्यात शिरला. काका बोटानं जमिनीवर ठेका धरून ऐकत राहिले, आणि एका जागी त्यांचं बोट हवेतच थांबलं.

"त्यांना सांग," ते म्हणाले, "खरंय. पडलीय मागे."

मी फोनमध्ये सांगितलं, "बाबा, खरंय म्हणतात." पलीकडून तो जड आवाज पुन्हा आला, या वेळी लांब, न थांबता. आनंद एकेक शब्द सोडवून मला देऊ लागला. ढोलकी कोण वाजवत होतं, तो कुठे राहायचा, आदल्या रात्री मुंबईच्या गाडीत त्याला कशी झोप मिळाली नव्हती. काका गुडघ्यांवर तसेच बसून होते. मी ऐकत गेले, आणि ऐकलेलं त्यांना सांगत गेले.